मोजणाऱ्याचीच बदली

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत एका वाचकाचं पत्र आलं होतं, त्यांचा मुलगा न्यू जर्सीला असतो आणि त्यामुळे त्यांना अमेरिकेतलं सगळं माहितीय, तर त्यांनी लिहिलंय की भ्रष्टाचार हा आपल्याच रक्तात आहे, तिकडे सरकारी कंत्राट म्हणजे सगळं कसं कॉम्प्युटरवर, पारदर्शक, कुणाला चहा पाजावा लागत नाही. वाचून आधी हसू आलं मग जरा रागच आला. मी 34 वर्षं सरकारी बांधकामाच्या बिलांवर लाल शाई मारण्यात घालवली (खात्याचं नाव लिहीत नाही, पेन्शन चालू आहे) आणि रिटायर झाल्यावर वेळ जाईना म्हणून एक विचित्र छंद लावून घेतला, अमेरिकेच्या इराक युद्धाचे ऑडिट रिपोर्ट वाचायचा. नेटवर फुकट मिळतात, हजारो पानं. लोकं शब्दकोडी सोडवतात, मी हे वाचतो. बायको म्हणते आयुष्यभर बिलं तपासली ती कमी पडली का.

तर त्या न्यू जर्सीवाल्या काकांसाठी हे पत्र. लांबणार आहे, आधीच सांगतो.

सुरुवात जेवणापासून करतो. 2003 साली इराकवर चालून गेलेल्या अमेरिकन सैन्याचा कुवेतमध्ये कॅम्प आरिफजान नावाचा मोठा तळ होता, तिथली मेस चालवायचं काम केबीआर या कंपनीकडे, म्हणजे हॅलिबर्टन या तेलधंद्यातल्या मोठ्या अमेरिकन कंपनीच्या उपकंपनीकडे, आणि केबीआरने ते पुढे एका सौदी पोटकंत्राटदाराला दिलेलं. त्या वर्षी जुलैमध्ये बिल लागलं रोज सरासरी 42,042 जेवणांचं. प्रत्यक्षात वाढली गेली रोज 14,053. म्हणजे एक सैनिक जेवतोय, त्याच्या डाव्या उजव्या बाजूला दोन भुतं जेवतायत आणि तिघांचं बिल सरकारच्या नावावर. पहिल्या सात महिन्यांत या एका तळावरच 1.6 कोटी डॉलरच्या वर फरक निघतो असं पेंटॅगॉनच्याच, म्हणजे अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्याच, ऑडिटरांचं म्हणणं होतं. कंपनीचं उत्तर पण ऐका, सैन्याने जेवढ्या माणसांची तयारी ठेवायला सांगितली तेवढी आम्ही ठेवली, कोण किती जेवायला येतंय ते आमच्या हातात नाही. आणि खरं सांगू का, हे अगदीच खोटं नाहीये. लग्नात आपला केटरर पण 500 पानं सांगितली आणि 300 माणसं आली तर 500 चेच पैसे घेतो. पण घरातल्या दुसऱ्या लग्नाला आपण शहाणे होतो ना, आकडा कमी सांगतो? इथे महिनोन्महिने कुणी आकडा कमी केला नाही, कारण कमी करण्यात कुणाचाच फायदा नव्हता.

तो का नव्हता ते समजलं की बाकी सगळं समजतं. या कामाचं कंत्राट ‘कॉस्ट प्लस’ होतं. आपल्याकडे टेंडर म्हणजे काय, तुम्ही रेट भरता, सगळ्यात कमी रेटवाला एल वन, त्याला काम, आणि जास्त खर्च झाला तर तो त्याच्या खिशातून. (होतं काय ते सोडा, नियम तरी असा आहे.) कॉस्ट प्लसमध्ये उलटं. जेवढा खर्च दाखवाल तेवढा सरकार भरणार आणि त्याच्यावर टक्केवारी. केबीआरला या मोठ्या कंत्राटात 1 टक्का नक्की आणि काम बरं वाटलं तर अजून 2 टक्क्यांपर्यंत. तुम्ही म्हणाल 3 टक्के म्हणजे काहीच नाही, आमच्या गावचा सरपंच पण याला तयार होणार नाही. पण विचार करा, घराला रंग द्यायला माणूस बोलावला आणि त्याला म्हणालात की डबे कितीही लागू देत, सगळ्याचे पैसे मी देतो आणि वर शेकडा 3 तुझे, तर तो भिंतीला रंग देईल का घराभोवतीच्या झाडांनाही देईल? केबीआरमधून बाहेर पडलेल्या माणसांनी नंतर अमेरिकन खासदारांना सांगितलं की सैनिकांच्या टॉवेलवर कंपनीचं नाव भरतकाम करून घ्यायचे आणि त्यापायी टॉवेल तिप्पट महाग पडायचा, 85 हजार डॉलरचे ट्रक साधं पंक्चर झालं तरी सोडून द्यायचे. स्पेअर टायर ठेवला तर खर्च कमी होतो आणि खर्च कमी झाला की टक्केवारी कमी.

आता हे कंत्राट या कंपनीला मिळालं कसं. 1992 साली पेंटॅगॉनने ब्राउन अँड रूट कंपनीला (हीच पुढे केबीआर झाली) 39 लाख डॉलर देऊन एक अभ्यास करायला सांगितला की सैन्याची धुणीभांडी, मेस, छावण्या ही कामं खाजगी कंपनीला देता येतील का. कंपनीने अभ्यास केला आणि निष्कर्ष काढला की हो, येतील की. मग त्याच वर्षी असं पाच वर्षांचं पहिलं कंत्राट निघालं आणि ते मिळालं ब्राउन अँड रूटला. तेव्हा संरक्षण मंत्री होते डिक चेनी. मंत्रिपद गेल्यावर 1995 मध्ये चेनी हॅलिबर्टनचे मुख्य अधिकारी झाले, 2000 पर्यंत होते, तिथून थेट अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष. आणि त्या पदावर असताना कंपनीकडून त्यांचा जुना राहिलेला पगार हप्त्याने येतच होता, वर्षाला साधारण दीड ते दोन लाख डॉलर. त्यांच्या बाजूने हेही सांगायला पाहिजे की तो पगार आधीच ठरलेला होता, कंपनी बुडाली तरी मिळावा म्हणून त्यांनी त्याचा विमा काढला होता म्हणजे कंपनीच्या नफ्याशी संबंध नको, आणि शेअरचे ऑप्शन दानधर्माला दिले होते. इराकच्या कंत्राटात मी काही बोललो नाही असं ते शेवटपर्यंत सांगत राहिले, आणि त्यांनी फोन केला असं कुणी सिद्ध केलेलं नाही.

मी म्हणतो फोन कशाला करावा लागतोय? आमच्या ऑफिसात साहेबांच्या मेव्हण्याचं बिल आलं तर साहेब कधीच काही बोलायचे नाहीत. बिल आपोआप वरच्या पाकिटात जायचं.

तेलाची गोष्ट याच्याही पुढची आहे. नोव्हेंबर 2002 मध्ये, म्हणजे युद्ध होणार की नाही यावर जगात अजून वाद चालू होता तेव्हा, केबीआरला गुपचूप काम दिलं की युद्धात इराकच्या तेलविहिरी पेटल्या तर काय करायचं याचा प्लॅन बनवा. प्लॅन बनला. मग मार्च 2003 मध्ये, युद्ध सुरू व्हायच्या आधी काही दिवस, इराकचं तेल सुरू करायचं कंत्राट निघालं, 700 कोटी डॉलरपर्यंतचं, आणि ते टेंडर न काढता केबीआरला, कारण काय तर प्लॅन फक्त त्यांनाच माहितीय! 1992 चीच ट्रिक दुसऱ्यांदा. ज्याने एस्टिमेट केलं त्यालाच काम देऊ नये हे आपल्याकडे तालुक्याच्या कनिष्ठ अभियंत्याला पण पाठ असतं, मोडतात तो भाग वेगळा पण मोडताना त्याला घाम तरी फुटतो.

इथे मला जिच्याबद्दल लिहायचं होतं ती बाई येते. बनटाइन ग्रीनहाउस. अमेरिकन सैन्याचं इंजिनिअर्सचं जे मोठं बांधकाम खातं आहे, कोअर ऑफ इंजिनिअर्स, त्यात कंत्राटांवर शेवटची सही करणारी सगळ्यात मोठी सिव्हिलियन अधिकारी. लुइझियानातल्या रेव्हिल नावाच्या छोट्या गावची कृष्णवर्णीय बाई, भाऊ एल्विन हेस बास्केटबॉलचा नावाजलेला खेळाडू. युद्धाच्या आधी पेंटॅगॉनमध्ये या तेलाच्या कंत्राटाची मीटिंग होती आणि बघते तर केबीआरची माणसं तिथेच बसलेली, सरकार काय अटी घालणार याची चर्चा चाललीय आणि कंत्राटदार कान देऊन ऐकतोय. तिने जनरलला हळूच सांगितलं की यांना बाहेर जायला सांगा. मग कागद सहीला आला. तिचं म्हणणं तातडी आहे मान्य, विनाटेंडर द्या, पण एक वर्षासाठी द्या, पाच वर्षं कशाला? तातडी पाच वर्षं चालते का कुठे? वरून दबाव, युद्ध तोंडावर. तर तिने सही केली पण सहीच्या शेजारी स्वतःच्या हाताने पेनाने शेरा लिहिला की एका वर्षाच्या पुढे हे नेलं तर आपल्याला स्पर्धा नकोच होती असा समज होईल.

संपादक साहेब, हा पेनाने लिहिलेला शेरा काय असतो ते फायलीत आयुष्य काढलेल्या माणसाला विचारा. टाइप केलेला कागद बदलता येतो. सहीच्या बाजूला शाईने लिहिलेलं बदलता येत नाही, फार तर फाइल हरवता येते.

मी स्वतः एकदा लिहिलाय असा. एका पुराच्या वर्षी एका ठिकाणी तातडीने भराव टाकायचं काम निघालं, टेंडर नाही, तोंडी आदेश, कागद मागून करू म्हणजे कार्योत्तर मंजुरी. बिल आलं 400 ब्रास मुरुमाचं. मी टेप घेऊन गेलो, कसंही ओढूनताणून 150 च्या पुढे जाईना. कंत्राटदार म्हणाला साहेब बाकीचा वाहून गेला, पूर होता ना. आता वाहून गेलेला मुरूम कोण मोजणार? मी एमबीत, म्हणजे मोजमापाच्या वहीत, जेवढा दिसला तेवढा लिहिला आणि खाली एक ओळ लिहिली. पुढचे 14 महिने मी रेकॉर्ड रूममध्ये होतो, उंदरांबरोबर. कुणी एका शब्दाने रागावलं नाही, उलट वरिष्ठ म्हणाले तुझी तब्येत बरी नसते, तिथे आराम मिळेल. बिल दुसऱ्याच्या सहीने निघालं. हे सांगून मी माझी आणि त्या बाईची बरोबरी करत नाही, कुठे 250 ब्रास आणि कुठे 700 कोटी डॉलर, पण त्या शेऱ्यापर्यंत आलो तेव्हा मी पान तसंच ठेवून उठलो आणि गॅलरीत जाऊन उभा राहिलो.

तिचं पुढे काय झालं? या तेलाच्या कंत्राटातच केबीआर कुवेतमधून इराकमध्ये पेट्रोल आणत होती (इराकमध्ये पेट्रोल आयात, उसाच्या फडात गूळ विकत आणल्यासारखं) आणि गॅलनला सरासरी 2.64 डॉलर लावत होती. डिसेंबर 2003 मध्ये पेंटॅगॉनच्या ऑडिटरांनी सांगितलं की यात 6.1 कोटी डॉलरपर्यंत जास्त लावलेले दिसतात. मग कोअर ऑफ इंजिनिअर्सने काय केलं, चौकशी? नाही, त्याच महिन्यात कंपनीला सूट दिली की तुम्हाला या किमतीचे कागद दाखवायची गरज नाही. ग्रीनहाउस बाईंना न विचारता, त्यांच्या हाताखालच्या माणसाच्या सहीने. पुढे ऑडिटरांनी या कंत्राटात एकूण 26.3 कोटी डॉलरवर प्रश्नचिन्ह लावलं, आणि 2006 मध्ये सैन्याने त्यातले जेमतेम 1 कोटी कापून बाकी सगळे देऊन टाकले. जेवणाच्या भांडणात निदान 5.5 कोटी तरी कापले होते.

बाई गप्प बसल्या नाहीत. 27 जून 2005 ला वॉशिंग्टनमध्ये साक्षीला गेल्या आणि म्हणाल्या की केबीआरला दिलेल्या कंत्राटांमधला गैरप्रकार हा माझ्या सगळ्या नोकरीत मी पाहिलेला सर्वात उघड आणि सर्वात गैर प्रकार आहे. आणि ही साक्ष कुठे झाली तर विरोधी पक्षाच्या सिनेटरांनी स्वतःहून भरवलेल्या बैठकीत, कारण सत्ताधारी पक्ष यावर अधिकृत सुनावणीच ठेवत नव्हता. दोन महिन्यांत, ऑगस्ट 2005 मध्ये, बाईंना पदावरून खाली आणलं. कारण दिलं कामगिरी समाधानकारक नाही. आधीची वर्षानुवर्षं शेरे उत्तम होते. सहा वर्षं भांडल्यावर 2011 मध्ये सरकारने 9 लाख 70 हजार डॉलर देऊन तडजोड केली. ती भरपाई पण जनतेच्याच पैशातून गेली, ज्याने बदली केली त्याच्या पगारातून दमडी नाही.

आता देणगीचं. काकांना वाटतं तिकडे मंत्र्याला पाकीट द्यावं लागत नाही, तर बरोबर आहे, सरळ पक्षाला चेक देता येतो. बुश यांच्या निवडणुकीत 1 लाख डॉलर गोळा करून देणाऱ्याला ‘पायोनियर’ म्हणायचे, 2004 मध्ये 2 लाखवाल्याला ‘रेंजर’, अगदी नंबर वगैरे दिलेला असायचा म्हणजे कुणाच्या नावावर किती जमले ते कळावं. आपल्याकडे देवस्थानात देणगीदारांच्या फरश्या लावतात तसं. वॉशिंग्टनमधल्या सेंटर फॉर पब्लिक इंटेग्रिटी या संस्थेने ऑक्टोबर 2003 मध्ये याद्या लावून बघितल्या तर इराक आणि अफगाणिस्तानात कंत्राटं मिळालेल्या 70 हून जास्त कंपन्या निघाल्या, आणि त्या कंपन्यांनी आणि त्यांच्या माणसांनी मागच्या बारा वर्षांत सगळ्यात जास्त पैसे दिले होते जॉर्ज बुश यांना, 5 लाख डॉलरच्या वर. बुश यांचा 2000 सालचा प्रचारप्रमुख जो ऑलबॉ, त्याला आधी आपत्ती निवारण खात्याचा प्रमुख केलं, मार्च 2003 मध्ये त्याने ते सोडलं आणि त्याच वर्षी न्यू ब्रिज स्ट्रॅटेजीज नावाची कंपनी काढली, कशासाठी, तर इराकमध्ये धंदा करायचाय अशा कंपन्यांना सल्ला द्यायला. यातलं काही बेकायदेशीर नाही बरं का. तेच तर.

एक मात्र त्यांचं मानायला पाहिजे, देणगीच्या याद्या उघड असतात म्हणून कुणीतरी दोन याद्या शेजारी ठेवू शकलं. आपल्याकडे निवडणूक रोखे काढून तेही झाकून ठेवलं होतं, 15 फेब्रुवारी 2024 ला सुप्रीम कोर्टाने ती योजना रद्द केली तेव्हा कुठे नावं बाहेर आली. काकांना याबाबतीत अर्धा मार्क देतो.

पण अर्धाच, कारण आता रँडी कनिंगहॅमची गोष्ट. हा कॅलिफोर्नियातला खासदार, टोपणनाव ड्यूक, व्हिएतनाम युद्धात शत्रूची विमानं पाडलेला खराखुरा हिरो, आणि संरक्षणाचा पैसा कुठे जाणार ते ठरवणाऱ्या उपसमितीत बसलेला. 2005 मध्ये त्याने कबूल केलं की 24 लाख डॉलरची लाच घेतली. मिचेल वेड नावाच्या कंत्राटदाराने त्याचं घर 16 लाख 75 हजारला घेतलं आणि ते पुढे 9 लाख 75 हजारला विकलं, 7 लाखांचा तोटा, एवढा दिलदार गिऱ्हाईक मी पुण्यात पाहिला नाही. राहायला एक बोट दिली, तिचं नाव ‘ड्यूक स्टर’. पण खरी मजा कोर्टात आली. या गृहस्थाने लाचेचं रेटकार्ड लिहून दिलेलं, आणि कशावर, तर अमेरिकन काँग्रेसच्या छापील लेटरहेडवर! डाव्या बाजूला कंत्राट किती लाखाकोटीचं, उजव्या बाजूला लाच किती. 1.6 कोटी डॉलरच्या कंत्राटाला 1 लाख 40 हजारची बोट. पुढच्या प्रत्येक 10 लाखाला 50 हजार. आणि कंत्राटदाराने 3 लाख 40 हजार भरले की तिथून पुढे रेट निम्मा, 25 हजार. घाऊक डिस्काउंट हो! मी 34 वर्षं टक्केवारीच्या गोष्टी ऐकल्या, डोळ्यांच्या खुणा पाहिल्या, कॅल्क्युलेटरवर आकडा टाइप करून स्क्रीन दाखवणारे पाहिले, पण सरकारी लेटरहेडवर रेट लिहून देणारा नाही पाहिला. 8 वर्षं 4 महिने शिक्षा झाली त्याला. नंतर जानेवारी 2021 मध्ये ट्रम्प यांनी जाता जाता माफी दिली.

रोख रकमेचं लिहायला बसलो तर वेगळी पुरवणी काढावी लागेल म्हणून पटकन सांगतो. न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्हमधून (तिकडची रिझर्व्ह बँकच) जवळजवळ 1200 कोटी डॉलर नोटांच्या गठ्ठ्यांत विमानाने बगदादला गेले, वजन 363 टन. हा पैसा अमेरिकेचा नव्हता, इराकचाच, बराचसा तेलाचा, त्यांच्या नावाने ठेवलेला. त्यातला 880 कोटी डॉलरचा नीट हिशोब लागत नाही असं अमेरिकेच्याच खास महानिरीक्षकाने 2005 मध्ये लिहिलं. तिथले तेव्हाचे कारभारी पॉल ब्रेमर यांनी उत्तर दिलं की युद्ध चालू असलेल्या देशात तुमच्या इकडच्या पद्धतीचं हिशोबशास्त्र कसं चालणार. हिल्ला शहरात 8.2 कोटी डॉलरचा ताबा ज्या हिशोबनीसाकडे दिला होता तो आधीच फसवणुकीच्या गुन्ह्यात शिक्षा झालेला माणूस निघाला! त्याने लाच खाल्ली, 9 वर्षं आत गेला. कस्टर बॅटल्स म्हणून एक नवी कोरी कंपनी, त्यातला एक मालक 2002 मध्ये रिपब्लिकन पक्षातर्फे काँग्रेसमध्ये जायचा प्रयत्न करून हरलेला, त्यांना बगदाद विमानतळाच्या सुरक्षेचं काम मिळालं. इराकी एअरवेजच्या पडून राहिलेल्या फोर्कलिफ्ट नवीन रंग मारून सरकारलाच भाड्याने लावल्या म्हणून त्यांच्यावर आरोप. हे लोक एका मीटिंगमध्ये स्वतःचा हिशोबाचा कागद विसरून गेले, त्यात खरा खर्च साधारण 37 लाख आणि लावलेलं बिल 98 लाख डॉलर. ज्युरीने 2006 मध्ये दोषी धरलं, आणि मग न्यायाधीशाने ते उलटवलं, कारण काय तर ब्रेमर यांचं बगदादमधलं प्रशासन म्हणजे अमेरिकन सरकार होतं हे सिद्ध होत नाही. मग होतं कोण, ग्रामपंचायत? 2009 मध्ये वरच्या कोर्टाने बऱ्याच अंशी ते परत फिरवलं हे खरं, पण तोवर सहा वर्षं गेली.

आणि मिळालं काय? पार्सन्स कंपनीला इराकभर 150 च्या आसपास दवाखाने बांधायचे होते, 2006 च्या रिपोर्टमध्ये 18.6 कोटी डॉलर खर्च आणि पूर्ण झालेले दवाखाने 6. बगदादच्या पोलीस कॉलेजात वरच्या मजल्यावरच्या संडासाचं पाणी छतातून खालच्या पोरांच्या डोक्यावर. बसरामधलं मुलांचं हॉस्पिटल 5 कोटीत व्हायचं ते 16.5 कोटींवर गेलं आणि 2010 मध्ये उघडलं.

बसरा म्हटलं की मला एक वेगळंच आठवतं. पहिल्या महायुद्धात याच बसरावरून वर चढलेली इंग्रजांची फौज म्हणजे सहावी पूना डिव्हिजन, त्यात मराठा पलटणी होत्या, आणि 29 एप्रिल 1916 ला कूट-अल-अमारा इथे उपासमारीने शरण गेले सगळे. तेव्हा उलटी तऱ्हा होती, दिल्ली सिमल्यातल्या साहेबांनी काटकसर म्हणून नावा दिल्या नाहीत, जखमी न्यायला साधनं दिली नाहीत, नंतर लंडनने आयोग नेमला, 1917 मध्ये रिपोर्ट आला, मंत्र्याने राजीनामा पण दिला. आमच्या आजीच्या माहेरचा एकजण त्या मोहिमेवर गेलेला, परत आला नाही, एवढंच घरात माहितीय. त्याच वाळवंटात नव्वद वर्षांनी 42 हजार ताटं मांडलेली वाचलं की कसंतरीच होतं.

एवढा खर्च होऊनही सैनिक तरी सुखात होता का? जानेवारी 2008 मध्ये बगदादच्या तळावर एक जवान शॉवरखाली उभा राहिला आणि शॉक लागून गेला. पाण्याच्या पंपाला अर्थिंग नव्हतं. इमारतीच्या देखभालीचं काम केबीआरकडे होतं, तिथे शॉक लागतो अशा तक्रारी आधी झाल्या होत्या. कंपनीने जबाबदारी नाकारली. पेंटॅगॉनला नंतर इराकमधले शॉक लागून झालेले 18 मृत्यू तपासावे लागले. अर्थिंग हो! एक खड्डा, कोळसा, मीठ आणि एक तांब्याची पट्टी. आमचा वायरमन बंडू हे काम अर्ध्या दिवसात करायचा आणि वर चहा मागायचा.

जाता जाता त्या मेसमध्ये डाळभात शिजवणाऱ्या हातांचं. ते हात आपलेच होते, भारतातले, नेपाळचे, बांगलादेशचे. एजंटला पैसे देऊन कुवेतला म्हणून निघालेली केरळची पोरं इराकच्या तळावर पोचली होती, 2004 मध्ये ते बाहेर आल्यावर आपल्या सरकारने इराकला जायला बंदी घातली. तरी जाणारे जातच राहिले, आणि डिसेंबर 2008 मध्ये बगदाद विमानतळाजवळच्या गोदामात केबीआरच्या एका कुवेती पोटकंत्राटदाराने आणलेले हजारेक मजूर बिनपगारी, बिनकामाचे डांबून ठेवलेले सापडले. बिलात ते कुठल्या हेडखाली लावले होते ते मात्र मला शोधूनही मिळालं नाही.

2008 मध्ये अमेरिकन काँग्रेसने युद्धातल्या कंत्राटांवर एक आयोग नेमला. त्यांच्यापुढे कित्ता होता पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या हॅरी ट्रूमनचा, जो 1941 मध्ये साधा सिनेटर असताना 15 हजार डॉलरच्या बजेटवर, आपल्याच पक्षाचा राष्ट्राध्यक्ष असताना, युद्धाच्या कारखान्यांची बिलं तपासत फिरला होता. या नव्या आयोगाचा रिपोर्ट 31 ऑगस्ट 2011 ला आला, इराक आणि अफगाणिस्तान मिळून कंत्राटांवर 20,600 कोटी डॉलर, त्यातले वाया गेलेले किंवा लुटलेले 3100 ते 6000 कोटी. खालचा आकडा आणि वरचा आकडा यात 2900 कोटींचा फरक बघा. मी असं बिल वर पाठवलं असतं तर साहेबांनी फाइल तोंडावर मारली असती. पण त्यांचा तरी काय दोष, ज्या कामाची एमबीच भरली नाही त्याचं मोजमाप नंतर कोण आणि कसं काढणार, मुरूम वाहून गेलेला. आणि त्या आयोगाची मूळ कागदपत्रं त्यांच्या सरकारी दप्तरखान्यात 20 वर्षं सीलबंद ठेवलीत, 2031 ला उघडणार. मी तेव्हा 79 चा असेन. शुगर सांभाळतोय त्यासाठी.

आपला,
एक निवृत्त लाल शाईवाला, पुणे

ता. क. पत्र लांबलंय मला कळतंय. कापायचं असेल तर माझं मुरुमाचं कापा, बंडू वायरमन कापा, पूना डिव्हिजन कापलीत तरी चालेल, पण जेवणाचे आकडे कापू नका आणि छापताना नीट बघा, 42,042 आणि 14,053. मागच्या वेळी माझ्या पाणीपट्टीच्या पत्रात तुमच्या माणसाने एक शून्य जास्त टाकलं होतं आणि सोसायटीतले लोक अजून मला त्यावरून विचारतात.